तहानलेल्याला पाणी नाकारणं हा धर्म असू शकतो का?

आजचं चिंतन भगवद्गीतेच्या १७व्या अध्यायातल्या २०व्या श्लोकावर. सात्त्विक दान कोणतं, ते भगवंत इथे सांगतात. द्यायलाच हवं म्हणून दिलेलं, परतफेड न करणाऱ्याला दिलेलं, आणि योग्य जागी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला दिलेलं. पहिल्या दोन अटी चटकन पटतात. तिसरीपाशी मी नेहमी अडायचो. तहानलेल्याला पाणी द्यायचं तर त्यात कसली आलीय जागा आणि वेळ?

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये मास्टर्स करतेय. दर शनिवारी ती तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटिअर म्हणून जाते. काम साधंच. जेवणाचा ट्रे जवळ सरकवायचा, चष्मा शोधून द्यायचा, एकट्या पेशंटशी गप्पा मारायच्या. तिकडे बऱ्याच हॉस्पिटलांत, ज्यांना जेवताना मदत लागते त्यांचं जेवण लाल ट्रेमधून येतं, म्हणजे बघताक्षणी कळतं. औषधपाण्याला मात्र व्हॉलंटिअरने हात लावायचा नाही.

एका शनिवारी पक्षाघात झालेले एक आजोबा तिच्याकडे सारखं पाणी मागत होते. बेडपाशी पाटी होती: तोंडाने काही देऊ नये. पक्षाघातानंतर पुष्कळदा गिळण्याची क्रिया बिघडते. मग पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून गिळणं तपासल्याशिवाय घोटभर पाणीही देत नाहीत. पुढेही काहींना पावडर घालून घट्ट केलेलं पाणीच चालतं.

रात्री ती फोनवर म्हणाली, "दादा, सगळं कळत होतं रे. पण पाण्याला नाही म्हणताना पाप केल्यासारखं वाटलं."

वाटणारच. आपण नाथांची गोष्ट ऐकत वाढलो. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड एकनाथ महाराजांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. मग नाथांनी दिलं ते बरोबर आणि हिने दिलं नाही तेही बरोबर, हे कसं?

मला वाटतं, नाथांनी पाणी दिलं यापेक्षा त्यांनी काय सोडलं ते बघावं. त्यांनी आपल्या यात्रेचं पुण्य सोडलं. समोरच्या जिवाला त्या क्षणी जे हवं होतं, ते दिलं. माझ्या बहिणीनेही पुण्यच सोडलं. ग्लास ओठांना लावला असता तर आजोबा हसले असते, तिला धन्य वाटलं असतं, आणि त्याची किंमत कदाचित त्यांच्या फुप्फुसांनी मोजली असती. आमच्या क्षेत्रातही चांगल्या हेतूने थेट प्रॉडक्शनवर केलेला बदल सिस्टीम पाडतोच की!

पण इथे एक धोका आहे. "नियम आहे" म्हणून पाठ फिरवणं फार सोपं असतं. त्याला धर्म म्हणता येणार नाही. अनादराने दिलेल्या दानाला गीता पुढच्याच श्लोकांत तामस म्हणते. मग अनादराने दिलेला नकार तरी वेगळा कसा? बहिणीने नर्सला बोलावलं. नर्सने त्यांचं तोंड आणि ओठ ओले केले. गिळण्याची तपासणी कधी होणार, तेही विचारून बहिणीने आजोबांना सांगितलं. मग त्यांचा हात धरून ती बसून राहिली. तहान तिला भागवता आली नाही, पण त्या तहानेत तिने त्यांना एकटं सोडलं नाही.

बसून राहण्यात "मी केलं" म्हणण्यासारखं काहीच उरत नाही. म्हणूनच ते अवघड आहे, आणि म्हणूनच मला ते सात्त्विक वाटतं.

आज कुणाला मदत करायला धावाल तेव्हा एक क्षण थांबून स्वतःला विचारा: ही गरज त्यांची आहे की माझी? आणि उत्तर "माझी" असं आलं तरी निघून जाऊ नका. त्यांना खरंच काय हवंय, ते जाणणाऱ्याला विचारा, आणि तोवर जवळ बसा.

राम कृष्ण हरी!