खरे की सोयीचे?



एखादी गोष्ट आपण मानतो ती खरी आहे म्हणून, की चारचौघे मानतात म्हणून? दुसरबीडसारख्या गावात राहायचे तर भावकी लागते, शेजार लागतो, लेकीबाळींची लग्ने जुळावी लागतात. सर्वांबरोबर मान डोलावली की सारे सुरळीत चालते. वेगळे बोलले की घर एकटे पडते. रोज मान डोलावता डोलावता तेच आपले मत होऊन बसते, आणि ते कधी तपासलेच नव्हते याचा विसर पडतो.

शिकलेली माणसेही यातून सुटत नाहीत. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये नामवंत मंडळी व्याख्यानाला जमली होती. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक त्यांत होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता समोर राहू दिला. पुढे वर्तमानपत्रात नावे छापून आली आणि गहजब झाला. ख्रिस्ती घरच्या चहाने माणूस बाटतो हे सुधारक रानड्यांना मनातून पटणारे नव्हते. तरीही स्नेह्यांची अडचण होऊ नये म्हणून १८९२ साली त्यांनी प्रायश्चित्त घेतले. समाजाचा धाक एवढ्या मोठ्या माणसालाही वाकवतो.

पण त्यांना हसण्याआधी आपल्या घरात पाहू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या गेल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यांत घेतले गेले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणून कित्येक कुटुंबांत रविवारी एक धर्म आणि दाखल्यावर दुसरा, असे चालते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचे सांगणे ही संविधानाची फसवणूक आहे.

लेकराची फी आणि नोकरी यांची चिंता ज्याने वाहिली नाही, त्याने अशा कुटुंबाकडे बोट दाखवू नये. धर्म बदलला म्हणून गावाने जात विसरली असे झालेले नाही, आणि कायदा बदलावा ही मागणी रास्तच आहे. तरीही एक नुकसान पदरी पडते. घरातले लेकरू शिकते की, सत्य जागेनुसार बदलते. उद्या ते हाच नियम प्रभूलाही लावील.

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला दृष्टी मिळते. परुशी त्याच्या आईवडिलांना विचारतात, हे घडले कसे? ते सांगतात, तो मोठा आहे, त्यालाच विचारा. आपला मुलगा पाहू लागला याचा त्यांना आनंद झाला नसेल का? पण येशूला ख्रिस्त म्हणणाऱ्याला सभास्थानातून काढायचे ठरले होते. आईवडील गप्प राहून आत राहिले. मुलगा खरे बोलला आणि त्याला बाहेर काढले. हे कानी येताच प्रभू त्याला शोधून भेटला.

आपल्या धर्मग्रामाचे काम इथेच आहे. आपण एकमेकांना 'खरे बोल' असे सहज सांगतो. पण खरे बोलल्यामुळे कोणाची सवलत गेली, सोयरीक मोडली, भावकीने बोलणे टाकले, तर मिस्सा संपल्यावर त्याच्या घरी किती जण जातो? त्याच्या मुलाच्या फीचा विचार किती जण करतो? खऱ्याची सारी किंमत एकट्यानेच मोजायची असेल, तर माणसे सोयीचेच मानत राहतील आणि त्यात आपलाही दोष असेल.

या आठवड्यात घरात बसून एक प्रश्न विचारू या: यातून मला काही मिळणार नसते आणि माझे काही जाणारही नसते, तर मी हेच मानले असते का? उत्तर जड वाटले तर ते प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवू या. बाहेर काढलेल्याला शोधणारा प्रभू आपल्याला खरे बोलण्याचे आणि खरे बोलणाऱ्याला जवळ करण्याचे बळ देवो. आमेन.