दतिया गेट आणि वाटणीचा कागद

शास्त्रपाठ : लूक १२:१३-२१



झांशी हे शहर आपणां मराठी माणसांना अगदीच परके नाही. नेवाळकरांची ती राजधानी. तेथील गणेश मंदिरात १८४२ साली मणिकर्णिका तांबे ह्या मुलीचा विवाह झाला व ती राणी लक्ष्मीबाई झाली. जुन्या शहराभोवती तट होता आणि तटाला दरवाजे होते. जी वाट ज्या गावी जाते त्या गावाचे नाव दरवाज्याला, अशी तेथील रीत. म्हणून ओरछा दरवाजा, भांडेर दरवाजा, दतिया दरवाजा. तटाचे काम केव्हाच संपले, परंतु पत्ता लिहिताना लोक आजही ‘दतिया गेट बाहर’ असे लिहितात. कोण आत आणि कोण बाहेर, हा हिशेब माणूस सहसा विसरत नाही.

गेल्या हिवाळ्यात ह्या दतिया गेटजवळ माझा काही दिवस मुक्काम होता. बुंदेली बोलणाऱ्या काही बांधवांसह लूककृत शुभवर्तमानाच्या थोड्या अध्यायांचा मसुदा तपासायचा होता. सकाळी मूळ ग्रीक मजकूर वाचावा, त्याचा अर्थ हिंदीत सांगावा, मग त्यांनी तो आपल्या बोलीत म्हणून दाखवावा, असे आमचे काम चाले. चौथ्या दिवशी बारावा अध्याय आला आणि मी मनातून अस्वस्थ झालो. त्याचे कारण माझ्या पिशवीत होते.

कारण सांगतो. आमचे वडील अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील, एका खेड्यात पाळक होते. सेवेतून निवृत्त होता होता त्यांनी चार खोल्यांचे घर बांधले. मागे थोडी मोकळी जागा आणि एक कडुनिंब, एवढीच त्यांची ह्या जगातील मिळकत. आईवडिलांच्या अखेरच्या वर्षांत थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, त्याच घरात राहून त्यांची शुश्रूषा करीत होते. मी पुण्यात शब्दकोशांच्या ढिगात होतो. पुढे गावाजवळून मोठा रस्ता निघाला, जागेला किंमत आली आणि ज्या घराकडे मी वर्षानुवर्षे पाहिलेही नव्हते त्याचा अर्धा भाग माझा आहे, ह्याची मला एकाएकी आठवण झाली. दादा टाळाटाळ करू लागले. शब्दाला शब्द वाढला. दोन नाताळ आम्ही एकमेकांना भेटलो नाही. अखेर मी वकिलांकडून वाटणीचा मसुदा करून घेतला आणि तो पिशवीत घालून झांशीला आलो. परतताना गावी उतरून सही घ्यावी, असा बेत होता.

आता शास्त्रभाग पाहा. लोकसमुदायातून एक मनुष्य प्रभूला विनंती करतो की, माझ्या भावाने मला वतनाचा वाटा द्यावा असे आपण त्याला सांगा. हा मनुष्य चोर नव्हे. तो न्याय मागत आहे, कदाचित भाऊ खरोखरच अन्याय करीत असेल. तरीही प्रभू त्या वादात न्यायाधीश किंवा वाटणी करणारा होण्याचे नाकारतो आणि लगेच सर्वांना लोभाविषयी सावध करतो. न्याय मागणाऱ्याला लोभाचा इशारा! मी हा भाग अनेकदा शिकवला आहे, पण त्या दिवशी प्रथमच मला तो कठोर वाटला.

येथे ‘लोभ’ ह्या अर्थी ग्रीकमध्ये ‘प्लेऑनेक्सिया’ हा शब्द आहे. त्याचे दोन अवयव आहेत : अधिक, आणि जवळ असणे. त्यात पैशाचा उल्लेख नाही, श्रीमंतीचाही नाही. आहे त्याहून अधिक हवे, एवढेच. म्हणून हा रोग झोपडीतही होतो आणि बंगल्यातही, आणि पाळकाच्या मुलालाही होतो.

पुढे प्रभू मूर्ख धनवानाचा दाखला देतो. आमच्यातील एक बांधव शेतकरी होते, बुंदेलखंडातील कोरडवाहू जमिनीवर कष्ट करणारे. ते म्हणाले, “साहेब, ह्या माणसाचे चुकले काय? पीक चांगले आले, कोठार लहान पडले, मोठे बांधायचे ठरवले. आम्ही तर रोज ह्यासाठीच प्रार्थना करतो.” प्रश्न रास्त होता. दाखल्यातील मनुष्याने कोणाची जमीन बळकावली असे लिहिलेले नाही. मजुरांची मजुरी बुडवली असेही नाही. मग देव त्याला मूर्ख का म्हणतो?

आम्ही त्याचे बोलणे पुन्हा एकदा ग्रीकमध्ये वाचले. माझे पीक, माझी कोठारे, माझा माल आणि शेवटी माझा जीव. ‘माझे’ हा शब्द त्या लहानशा स्वगतात चार वेळा येतो. स्वगत म्हणायचे, कारण तो दुसऱ्या कोणाशी बोलतच नाही. प्रश्न स्वतःला, उत्तरही स्वतःलाच. बायको नाही, मुले नाहीत, शेजारी नाही, गडी नाही. एवढे पीक काय त्याने एकट्याने कापले? विश्रांती घे, खा, पी, आनंद कर असे तो आपल्या जिवाला सांगतो, पण त्या मेजवानीला दुसरे कोणी बोलावलेलेच नाही. आपण कधी एकटे बसून मेजवानी केली आहे काय?

मग देव बोलतो : आज रात्रीच तुझा जीव मागून घेतला जाणार. येथे वापरलेले क्रियापद साधे मागण्याचे नाही, परत मागण्याचे आहे. सहाव्या अध्यायात, आपली वस्तू कोणी नेली तर ती परत मागू नका, असे प्रभू सांगतो तेथेही हेच क्रियापद आहे. मी हे समजावून सांगताच शेतकरी बांधव म्हणाले, “म्हणजे हा तगादा झाला. सावकार दाराशी येऊन करतो तसा.” तो शब्द मला फार आवडला. ज्याला तो ‘माझा जीव’ म्हणत होता तोच उसना होता.

त्या संध्याकाळी मी दतिया गेटच्या बाजूने फिरावयास गेलो आणि मला आपल्या विष्णुभट गोडशांची आठवण झाली. पेणजवळील वरसईचे हे भिक्षुक. घरात कर्ज झाले होते. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा चांगली मिळेल, असे ऐकून ते १८५७ साली काका रामभटांबरोबर उत्तरेकडे निघाले. वाटेतच बंड पेटले. यज्ञ राहिला, आणि हे दोघे फिरत फिरत झांशीत येऊन पोहोचले. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज ह्याने शहराला वेढा घातला तेव्हा ते तटाच्या आतच होते. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य ह्यांनी प्रसिद्ध केले. आपल्यापैकी अनेकांनी ते वाचले असेल.

३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रज फौज शहरात शिरली. आदल्या वर्षीच्या जून महिन्यात झोकन बागेत इंग्रजांची बायकामुलांसह कत्तल झाली होती, तिचा सूड आता साऱ्या शहरावर उगवला गेला. गोडशांनी लुटीचे जे वर्णन केले आहे त्यात एक भयंकर शिस्त दिसते. आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, मग धान्य. जणू कोणी शहराची वाटणीच करीत होते. आणि वाचकहो, एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे. पंचांग काढून पाहिले तर त्या वर्षी ४ एप्रिलला ईस्टरचा रविवार होता. प्रभू उठला असे ज्या दिवशी मंडळ्या एकमेकींना सांगत होत्या, त्याच दिवशी ख्रिस्ताचे नाव लावणारे शिपाई झांशीची घरे धुंडाळीत होते. हे वाचून मान खाली जाते. पण मान खाली घातल्यावर मला माझी पिशवी दिसली, हेही खरे.

गोडशांनी पदरचे पैसे शिपायांना दिले आणि त्यांचा जीव वाचला. तेव्हा पैसा सर्वस्वी निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरी चूल पेटत नाही त्यांना ‘धनात सुख नाही’ असे सांगणे हे भरल्या पोटाचे अध्यात्म होय. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिन ह्यांनी १९७४ साली दाखवून दिले की, एखाद्या देशात श्रीमंत माणसे गरिबांपेक्षा आपणांस अधिक सुखी म्हणवतात, परंतु सारा देश श्रीमंत होत गेला म्हणून लोकांचे सुख त्या प्रमाणात वाढत नाही. ह्यावर विद्वानांचा वाद आजही चालू आहे, आणि उत्पन्नाबरोबर बहुतेकांचे समाधान वाढतच जाते असे २०२३ सालच्या एका अभ्यासात मांडले गेले. वाद त्यांचा ते पाहोत. मला त्यातले एकच पटते : माणूस आपले ताट पाहून जेवत नाही, शेजारचे पाहून जेवतो. आणि सर्वांत जवळचे ताट भावाचे असते.

गोडसे पुढे काल्पी, चित्रकूट, काशी असे भटकत, वाटेत पुन्हा नागवले जात, अखेर वरसईस पोहोचले. ज्यासाठी घर सोडले ते द्रव्य बरोबर नव्हते. खांद्यावर गंगेच्या पाण्याची कावड होती, आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. त्यांची श्रद्धा आपली नव्हे. परंतु शेकडो कोस चालताना त्यांच्या डोळ्यांपुढे कोणीतरी होते. दाखल्यातील धनवानाच्या डोळ्यांपुढे कोणीही नव्हते.

रात्री मी पत्नीला दूरध्वनी केला. मी म्हणालो, “वाटणी सोडून द्यावी असे मनात येते. घर दादांना राहू दे.” मला वाटले, ती प्रभूची स्तुती करील. आपण लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना टिळकांच्या उदारपणाला हसतो आणि तो संसार लक्ष्मीबाई कशा ओढीत होत्या हे विसरतो. माझी पत्नी विसरली नव्हती. ती काही वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “अहो, तुम्ही दोघे अर्धे-अर्धे म्हणून दोन वर्षे भांडत आहात. आता तुम्ही सगळेच देऊन टाकायला निघालात. पण वन्संचे काय? त्यांना कोणी विचारले?”

वाचकहो, मला एक धाकटी बहीण आहे. ती परिचारिका आहे, विधवा आहे, सोलापूरला राहते. आम्हां ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मुलगा आणि मुलगी असा भेदच नाही. सर्व लेकरांना सारखा वाटा. हे मला ठाऊक नव्हते काय? चांगले ठाऊक होते. वकिलांनी म्हणूनच मसुद्यासोबत तिच्यासाठी एक हक्कसोडपत्र जोडले होते आणि ती सही करीलच असे मी धरून चाललो होतो, कारण बहिणी करतात. मी ज्याला माझा अर्धा वाटा म्हणत होतो, त्यात तिच्या तिसऱ्या हिश्श्याचा तुकडा होता. आणि आता मोठ्या मनाने ‘सोडून द्यावे’ म्हणत होतो तेव्हाही मी तिचेच दान करावयास निघालो होतो. त्यागाच्या वाक्यातसुद्धा ‘माझे’ हा शब्द शिल्लक होता आणि तिसरे माणूस त्यात नव्हतेच.

दिवा लावून मी तो कागद पुन्हा वाचला. शब्दांचा अर्थ लावणे हा माझा धंदा. तीस वर्षे मी इतरांच्या भाषांतरातील सुटलेले शब्द दाखवून देत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीला दूरध्वनी केला. माझ्या मनात एक चित्र होते, ते कबूल करतो : ती रडेल आणि म्हणेल, भाऊ, मला काही नको, माहेर तेवढे राहू दे. तसे झाले नाही. ती म्हणाली, “मला माझा वाटा हवा आहे. मुलीच्या शिक्षणाचे कर्ज काढले आहे. तुम्ही विचाराल म्हणून मी वाट पाहत होते.” तिच्या आवाजात राग नव्हता. मला आनंद झाला असे लिहिले तर ते खोटे होईल. मनात आकडे फिरू लागले, अर्ध्याचा तिसरा भाग झाला म्हणजे किती कमी झाले, आणि पुढच्या दोन रात्री मला झोप लागली नाही. आपण तृप्त असणे शिकलो आहोत असे प्रेषित पौल फिलिप्पैकरांस लिहितो. शिकलो, असे तो म्हणतो. म्हणजे त्यालाही ते आपोआप येत नव्हते.

पण तिसऱ्या दिवशी तिने स्वतःहून दूरध्वनी केला आणि आम्ही तासभर बोललो. आईच्या हातच्या सांज्याविषयी, बाबांच्या सायकलीविषयी, कडुनिंबाला बांधलेल्या झोक्याविषयी. घराच्या किमतीचा विषय निघाला नाही. इतका वेळ आम्ही भावंडे शेवटचे कधी बोललो होतो ते मला आठवेना.

बुंदेली मसुद्यात त्या ओळीसाठी आम्ही शेतकरी बांधवांचा शब्द ठेवला. परतताना मी गावी उतरलो नाही; जुना कागद घेऊन उतरण्यात अर्थ नव्हता. पुण्यास आल्यावर तीन भागांचा नवा मसुदा करून घेतला. घर विकायचे नाही. दादा हयात आहेत तोवर त्यांनी तेथेच राहावे आणि ताईचा वाटा आधी रोख द्यावा, त्यातील अर्धा भार मी उचलावा, असे त्यात लिहिले आहे. माझ्या पत्नीने तो दोनदा वाचला आणि मगच टपालात टाकू दिला. त्यावर ताईची सही झाली आहे, माझी झाली आहे. दादांची व्हायची आहे.