मुक्या जिवाची जखम आणि आपला खिसा

गरिबाने कुत्रे पाळावे काय, हा प्रश्न ऐकायला कठोर वाटतो. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो आज ना उद्या उभा राहतोच. कुत्र्याच्या अंगावर एक जखम होते. ती वाहू लागते, तिला वास येतो, जनावर रात्रभर चाटत बसते. वेतेरिनारकडे न्यावे तर तपासणी, रक्ताची परीक्षा, औषधे असा सारा खर्च डोळ्यांपुढे येतो, आणि महिनाअखेरीस बितुआह लेउमीच्या पेन्शनीतले तेवढे उरलेले नसते. अशा वेळी आपले कर्तव्य काय? पैसा नसला म्हणजे कर्तव्यही संपते काय? या प्रश्नाचा आज वाचकांबरोबर विचार करावा, असे आमच्या मनात आहे.

माणसाच्या दुखण्याचा प्रश्न या देशाने बराचसा सोडविला आहे. राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा 1995 साली अमलात आला, आणि तेव्हापासून येथील प्रत्येक रहिवाशाला कुपत होलीमचे दार उघडे आहे. जनावराला मात्र कुपत होलीम नाही. त्याचा विमा म्हणजे त्याचा धनी, आणि धन्याचा खिसा रिकामा असेल तर ते कोणाकडे जाणार?

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न नवा नव्हता. कोकणात आपण शनवार तेली म्हणून ओळखले जात होतो. शनिवारी घाणा बंद असे, म्हणजे तेल्याला विश्रांती आणि बैलालाही विश्रांती. दहा आज्ञांपैकी शब्बाथच्या आज्ञेत जनावराचाही स्पष्ट उल्लेख आहे. घाण्याच्या बैलाचा खांदा जुवाने सोलवटत असे. त्याला खांदा येणे म्हणतात. खांदा आलेल्या बैलाला जुंपले तर जखम चिघळते, आणि न जुंपले तर घाणा बंद, म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडाली. तेव्हा जखमेची किंमत तेल्याला आपल्या भाकरीतून भरावी लागे. देशावर पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात, तूप-हळद लावून खांदे चोळतात. वर्षभर ज्या खांद्याने ओझे ओढले त्याला एक दिवस तरी हात लावावा, ही त्यामागची भावना आहे.

कोणी म्हणेल, बैल कमावून देत होता, कुत्रे काय देते? आम्हांस वाटते, या हिशेबातच चूक आहे. बैल आपणहून घाण्याला आला नव्हता, तसे कुत्रेही आपणहून आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आले नाही. आपण त्याला आणले, दार लावून घेतले, दोरी हातात घेतली. त्याला आता रानात जाऊन आपले पाहता येत नाही. ज्याचे स्वातंत्र्य आपण घेतले त्याच्या दुखण्याची जबाबदारीही आपण घेतली. जनावराला आधी चारा घालावा, मग आपण जेवावयास बसावे, असा आपल्या हाखामांचा दंडक आहे, तो याच विचाराने.

तालमूदमध्ये रब्बी येहुदा हानासी यांची एक गोष्ट आहे. एका वासराला कापावयास नेत असता ते पळून आले आणि त्याने रब्बींच्या वस्त्रात डोके खुपसले. रब्बींनी त्याला सांगितले, की जा, याचसाठी तुझा जन्म आहे. त्यानंतर रब्बींना पुष्कळ वर्षे दुखणी भोगावी लागली. पुढे एके दिवशी घरातली मोलकरीण मुंगसासारख्या लहान प्राण्याची पिले झाडून बाहेर टाकीत होती. रब्बींनी तिला थांबविले, आणि त्यांची दुखणी सरली. या गोष्टीचा आम्ही घेतलेला अर्थ असा : वासराला वाचविले नाही याचा दोष रब्बींवर आलाच नाही. मांस खाणे धर्माला मान्यच आहे. दोष आला तो दाराशी आलेल्या जिवाला दोन शब्दांत वाटेला लावण्याचा. आपल्याकडून सर्व काही होईल अशी अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु ‘तुझे नशीब’ म्हणून तोंड फिरविण्याची मोकळीक आपल्याला नाही.

आता व्यवहाराकडे येऊ. आम्ही सारी हयात माणसांची शुश्रूषा केली, जनावरांची नव्हे. परंतु जखम ती जखम, आणि तिच्याकडे नीट पाहण्यास पैसे पडत नाहीत. जखम केव्हापासून आहे, केवढी आहे, कालच्यापेक्षा पसरली काय, तळाशी लाल आहे की पिवळी, जनावर खाते-पिते काय, हे रोज पाहून कागदावर लिहून ठेवावे. डॉक्टरकडे जाण्याची वेळ आलीच, तर हा कागद त्यांच्या फार उपयोगी पडतो.

उन्हाळ्यात दमट हवेत कुत्र्याच्या अंगावर जी ओली, लाल, केस गळालेली जखम एका रात्रीत उठते, तिला हॉट स्पॉट म्हणतात. मूळ बहुधा पिसवा, गोचीड, कानाचे दुखणे किंवा ॲलर्जी यांत असते. कुत्रे खाजवते, चाटते, आणि जखम वाढते. म्हणून पहिले काम चाटणे थांबविणे. गळ्यात घालावयाचा नरसाळ्यासारखा पट्टा फार महाग नसतो. जखमेभोवतीचे केस सांभाळून कापावे. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवावे, गार होऊ द्यावे आणि स्वच्छ फडक्याने दिवसातून दोन-तीन वेळा जखम पुसून कोरडी करावी. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, टी ट्री तेल लावू नये. लहान मुलांना लावतो ते झिंकचे मलमही नको, कारण कुत्रे ते चाटून पोटात घेते आणि झिंक त्याला विषारी आहे. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन या आपल्या गोळ्या जनावराला कदापि देऊ नयेत.

एक-दोन दिवसांत जखम सुकू लागली तर ठीक. पसरली, खोल गेली, पू किंवा अळ्या दिसल्या, डोळ्याजवळ असली, कुत्रे मलूल झाले, तर घरगुती उपाय तेथेच थांबवावा. लूत आणि गजकर्ण माणसालाही लागतात, हेही लक्षात असू द्यावे. या देशात आणखी एक गोष्ट आहे. वाळूमाशीच्या चाव्यातून कुत्र्याला लीशमॅनियाचा रोग होतो. कानांच्या कडांवर, नाकावर न भरणाऱ्या जखमा, अंग वाळणे, नखे वाजवीपेक्षा वाढणे ही त्याची लक्षणे. वाळूमाशीमार्फत तो माणसांतही येऊ शकतो. तेथे मीठपाणी चालत नाही. अशा जखमेवर महिनाभर घरीच काहीबाही लावीत बसणे याला दया म्हणता येत नाही. तो कालापव्यय होय, आणि त्याचे व्याज जनावर भरते.

मग पैशाचे काय? गेल्या ऑगस्टात आमच्या ओळखीच्या एक वृद्ध बाई, अश्दोदला एकट्या राहणाऱ्या, आम्हांला म्हणाल्या, “सिस्टर, मोत्याची मांडी चिघळली आहे. पण डॉक्टरला पैसे नाहीत असे कोणत्या तोंडाने सांगू? लाज वाटते.”

आम्ही म्हटले, “मावशी, लाज तुमची आहे, दुखणे मोत्याचे आहे.”

त्या गेल्या आणि जाताच स्पष्ट सांगितले, की माझ्याजवळ एवढेच आहेत, त्यात सर्वांत आधी काय करणे जरूर आहे ते सांगा. डॉक्टरने रक्ताची परीक्षा पुढे ढकलली, जखम साफ केली, औषध दिले, आणि उरलेली रक्कम तीन तश्लुमीममध्ये घेण्याचे कबूल केले. प्रत्येक डॉक्टर असे करील असे आम्ही म्हणत नाही. परंतु न विचारता नकार गृहीत धरणारे लोक आम्ही फार पाहिले आहेत. काही शहरांत प्राणिदया संघटनांच्या दवाखान्यांत दर कमी असतात. आपल्या मुंबईत परळचे बाई साखरबाई पेटिट इस्पितळ, ज्याला लोक बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, एकोणिसाव्या शतकात दानावरच उभे राहिले. लग्नकार्याला आणि मयतीला आपण एकमेकांच्या मदतीला धावतो. मग शेजारणीच्या कुत्र्याला गाडीतून नेऊन सोडणे जड का वाटावे?

आम्ही असेही म्हणत नाही की घरभाडे किंवा स्वतःची औषधे थांबवून कुत्र्याची शस्त्रक्रिया करावी. माणूस आधी, यात शंका नाही. पण पंगतीत दुसरा बसणे वेगळे आणि पंगतीतून उठविले जाणे वेगळे. खर्च खरोखरच आवाक्याबाहेर असेल आणि दुखणे बरे होणारे नसेल, तर डॉक्टरच्या हातून वेदनेशिवाय शेवट करणे, त्या वेळी त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसणे, हेही धन्याचेच काम आहे. रात्रीच्या अंधारात दूर नेऊन सोडून देणे हे नव्हे. प्राणिरक्षणाच्या 1994 च्या कायद्यानेही ते मना आहे. कायदा नसता तरी मना असते.

तेव्हा गरिबाने कुत्रे पाळावे काय? आमचे उत्तर, होय, पाळावे. एकट्या माणसाला त्याची सोबत मोठी असते. मात्र पाळणाऱ्याने आपल्या खिशाबद्दल खरे बोलण्याची तयारी ठेवावी. जनावराला मागता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपल्यालाच मागावे लागते. पैसा कमी पडला तर आपल्याला दोष नाही. पण विचारण्यास संकोचलो आणि जखम वाढली, तर तो संकोच त्या मुक्या जिवाने अंगावर सोसला, हे मान्य करावे लागेल.