‘काही दिसले नाही’ म्हणण्याचे धैर्य



ध्यानानंतर कोणी विचारले, “आज काय अनुभव आला?” तर “काहीच नाही” असे म्हणायला आपल्याला संकोच वाटतो. शेजारचा साधक प्रकाश दिसल्याचे सांगत असतो. मग आपणही मिटल्या डोळ्यांपुढच्या एखाद्या चमकेला ‘अनुभूती’ म्हणून मोकळे होतो. यात इतरांची फसवणूक थोडी आणि स्वतःची फार मोठी होते.

आज दुसऱ्या एका शोधाकडे पाहूया. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, जिनिव्हाजवळ ‘सर्न’ ही संशोधन संस्था आहे. भारताने भेट दिलेली नटराजाची मूर्ती २००४ पासून तिच्या आवारात उभी आहे. तेथे जमिनीखाली २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात प्रोटॉनचे झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळतात. २०१२ मध्ये हिग्ज कण येथेच सापडला.

याच टकरींमध्ये सुपरसिमेट्रीचाही शोध चालतो. प्रत्येक ज्ञात मूलकणाला एक जोडीदार कण असावा, अशी ही कल्पना. गणिताच्या दृष्टीने ती अतिशय सुंदर आहे. असा एखादा कण यंत्राला न दिसताच निघून जाऊ शकतो. म्हणून दिसलेल्या कणांच्या संवेगाचा हिशेब मांडतात आणि तो जुळला नाही, तर काहीतरी निसटले असे समजतात. पण ओळखीचे न्यूट्रिनोही तसेच निसटतात! त्यामुळे घाई चालत नाही. जेथे नवा कण सापडण्याची आशा असते, त्या नोंदी पुष्कळदा आधी झाकून ठेवतात आणि तपासणीची पद्धत ठरल्यावरच उघडतात. कारण मनाला जे हवे असते, तेच डोळ्यांना दिसू लागते.

डिसेंबर २०१५ मध्ये ॲटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांत प्रकाशकणांच्या काही जोड्या अपेक्षेपेक्षा जास्त आढळल्या. जगभर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. काहींनी त्याचा संबंध सुपरसिमेट्रीशी जोडला. प्रयोग करणाऱ्यांनी मात्र शोध लागल्याचा दावा केला नाही. पुढे कितीतरी अधिक नोंदी तपासल्या आणि ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागोच्या परिषदेत दोघांनीही सांगितले की, ती वाढ टिकली नाही. सुपरसिमेट्रीचा एकही कण आजवर सापडलेला नाही. पण ‘येथपर्यंत शोधले, सापडला नाही’ हा प्रत्येक निकाल प्रसिद्ध होतो आणि पुढच्याची वाट त्यामुळे स्पष्ट होते.

यातून अध्यात्म सिद्ध होते, असे मुळीच नाही. तसा आग्रहही आपण धरू नये. घ्यायचा आहे तो प्रामाणिकपणा.

कोणी म्हणेल, इतकी तपासणी केली तर श्रद्धा कोरडी पडणार नाही का? विचार करा. हाती काही न लागता वर्षानुवर्षे शोधत राहणे श्रद्धेशिवाय कसे शक्य आहे? फक्त ती श्रद्धा सत्यावर असते, स्वतःच्या इच्छेवर नसते. सत्य माझ्या आवडीचेच निघावे, हा हट्ट तेवढा सोडावा लागतो.

आजपासून साधनेची एक छोटी वही ठेवूया. मन भटकले, तर ‘भटकले’ असे लिहूया. काही दिसले नाही, तर तेही लिहूया. काही दिसलेच, तर लगेच सांगत न सुटता थोडे थांबूया आणि स्वतःला विचारूया: घरी माझा चढणारा आवाज थोडा तरी खाली आला का? ज्या दिवशी वहीत ‘आज काहीच नाही’ असे न लाजता लिहिता येईल, तो दिवस साधनेतला वाया गेलेला दिवस समजू नका.