गवत वाढू देण्यातला मान

इंग्लंडमधल्या अनेक जुन्या खेड्यांत चर्चभोवतीच्या दफनभूमीतले गवत आता उन्हाळाभर कापत नाहीत. कबरींमध्ये गुडघाभर गवत, त्यात काऊस्लिपची रानफुले, एखादे ऑर्किड, पिवळ्या मुंग्यांची वारुळे. गावातले स्वयंसेवक हे ठरवून करतात. 'केअरिंग फॉर गॉड्ज एकर' ही संस्था त्यांना मार्गदर्शन करते. यावर हमखास आक्षेप येतो की ही मृतांची हेळसांड आहे. पावित्र्य म्हणजे टापटीप, असे त्यात गृहीत धरलेले असते आणि तेच मला मान्य नाही. ही जमीन पवित्र मानली म्हणून शतकानुशतके तिच्यावर नांगर फिरला नाही, रासायनिक खत पडले नाही. बाहेर मात्र १९३०च्या दशकापासून फुलांची जवळजवळ ९७ टक्के कुरणे नाहीशी झाली. म्हणजे श्रद्धेने या मातीसाठी खरोखर काही केले असेल, तर तिला माणसाच्या उपयोगातून सोडवले. हिरवळीवर यंत्र फिरवण्याची हौस त्या मानाने कालची. आपल्या देवराया कुऱ्हाडीपासून वाचल्या त्याही अशाच.

फरक इतकाच, की कुरण नुसते सोडून दिले तर टिकत नाही. काही वर्षांत तिथे काटेरी झुडपे माजतात. म्हणून बी गळून पडल्यावर, उन्हाळा सरता सरता गवत कापायचे, चार दिवस वाळू द्यायचे आणि दाताळ्याने ओढून बाहेर काढायचे. ते तिथेच कुजले तर माती कसदार होते आणि दांडगे गवत नाजूक फुलांना दाबून टाकते. याला हेळसांड म्हणणाऱ्याने एकदा दाताळे हातात घ्यावे! ताज्या कबरीपाशी येणाऱ्या आप्तांचा आग्रह मात्र रास्त आहे. तिथले गवत आणि पायवाटा आखूड ठेवायलाच हव्यात, आणि जाणते गट तसे ठेवतातही. कबरींवरचे जुने दगड घासून लख्ख करण्याचा आग्रह मात्र मानू नये. ब्रिटनमधल्या सुमारे २,००० लायकेनांपैकी (आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचे हे भाऊबंद) ७००हून अधिक जाती चर्चच्या आवारांत आढळल्या आहेत. दगडांवर ती इतकी सावकाश वाढतात की दोनशे वर्षांची वाढ एका ब्रशने जाते.

अधिक गंभीर आक्षेप धर्माच्या बाजूने येतो: चर्चने माणसांचे बघावे, ही तर निसर्गपूजा झाली. इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ साली नेमका उलट आरोप केला होता, की सृष्टी माणसासाठीच आहे या ख्रिस्ती समजुतीत पर्यावरणाच्या संकटाचे मूळ आहे. पण बायबलमधल्या उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला एदेन बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करायला. राखणदार बागेची पूजा करत नाही, तसा तिचा मालकही होत नाही. यातले काही स्वयंसेवक रविवारी प्रार्थनेला फिरकतही नसतील, पण त्याने राखणीत उणेपणा येत नाही. ज्यांना हे तरीही पटत नसेल, त्यांनी निदान ऑगस्टपर्यंत, बी पडेपर्यंत, यंत्र बाहेर काढू नये.