उत्तम भाग कोणता?

एएमडीचे दोन प्रोसेसर शेजारी ठेवून पाहू. रायझन ७ ९८००एक्स३डी याच्यात आठ कोअर आणि ९६ एमबी एल३ कॅशे आहे. रायझन ९ ९९५०एक्स याच्यात सोळा कोअर आणि ६४ एमबी एल३ कॅशे. दोन्ही २०२४ साली बाजारात आले, दोघांची घडणही एकाच पिढीची. गेम खेळताना पहिला बहुतेक वेळा सरस ठरतो, कारण गेमला पुन्हा पुन्हा लागणारी माहिती मोठ्या कॅशेत हाताशीच असते आणि रॅमपर्यंतचे हेलपाटे वाचतात. लांबलचक व्हिडिओ एक्स्पोर्ट करायचा असेल तर दुसरा पुढे जातो, कारण ते काम सोळा कोअरमध्ये वाटून देता येते. मग दोघांत चांगला कोणता? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कोटेशन मागणारा प्रत्येक जण हे विचारतो, आणि प्रश्न तांत्रिक आहे असे धरून त्याला आकड्यांत उत्तर मिळते. माझ्या मते हा प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचा आहे. वस्तूचा चांगलेपणा वस्तूतच असतो, की ती ज्याच्यासाठी आहे त्यावरून ठरतो? स्वतःच्या गरजेप्रमाणे संगणक जुळवून घेणाऱ्याला या प्रश्नाला बगल देता येत नाही. त्याने स्वतः उत्तर दिले नाही, तर त्याच्या वतीने बाजार देतो.

भाग आणि त्यांतून उभी राहणारी वस्तू यांचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला त्याच्याच रथाबद्दल विचारतो: आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? प्रत्येक वेळी उत्तर ‘नाही’ असेच येते, आणि ‘रथ’ हे भागांच्या आधाराने चाललेले व्यवहारातले नाव आहे, इथवर संवाद पोहोचतो. नैयायिकांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा अवयवी खरोखर असतो. एका टोकाला धरून ओढले की सबंध वस्तू सरकते, ती नुसता ढीग असती तर सरकली नसती. हा वाद शतकानुशतके चालला आणि दोन्ही बाजूंनी त्यात तीक्ष्ण युक्तिवाद झाले. पण दोन्ही पक्ष तयार रथापाशी उभे राहून बोलतात. रथ अजून व्हायचा आहे आणि समोर दहा प्रकारची चाके आहेत, अशा वेळी कोणते चाक घ्यावे, हे त्यांच्यापैकी कोणी सांगत नाही. त्यांचा प्रश्नच वेगळा होता.

आपल्या प्रश्नाच्या जवळ जाते ती पूर्वमीमांसा. यज्ञ म्हणजे शेकडो लहानमोठ्या कृतींची मालिका: भात कांडणे, पीठ करणे, पुरोडाश भाजणे, आहुती देणे. यातले काय कशासाठी, हे ठरल्याशिवाय एकही कृती नीट करता येत नाही. म्हणून जैमिनीने मीमांसासूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात अंग आणि प्रधान यांचा संबंध लावून दिला. जे दुसऱ्यासाठी असते ते अंग. ज्याच्यासाठी असते ते प्रधान. कांडण्याचे मोल कांडण्यात शोधून सापडणार नाही. ते पुरोडाशासाठी आहे, म्हणून किती कांडायचे आणि कुठे थांबायचे हेही तिथूनच ठरते. यज्ञाला संगणकाच्या पातळीवर आणण्याचा हा प्रयत्न नव्हे. मीमांसकांनी जी शिस्त यज्ञासाठी घडवली, ती अनेक भागांनी बनलेल्या कुठल्याही रचनेला लागू पडते, एवढाच दावा आहे. आणि तो तपासून पाहता येतो.

एसएसडी घ्या. पीसीआयई ५.० जातीच्या वेगवान एसएसडीवर सेकंदाला १४,००० एमबीपर्यंत वाचनवेग छापलेला असतो. आता १०० मेगाबिट प्रतिसेकंद दराने चित्रित झालेला ४के व्हिडिओ घेऊ. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे हा व्हिडिओ चालताना सेकंदाला १२.५ एमबी वाचावे लागतात. असे चार कॅमेरे टाइमलाइनवर एकदम लावले तरी ५० एमबी. या कामापुरते पाहिले तर जुन्या साटा एसएसडीचा ५५० एमबीचा वेगही पुरून उरतो. जास्त निकड असते ती जागेची: एका कॅमेऱ्याचे एक तासाचे चित्रीकरण ४५ जीबी होते. तेव्हा असा व्हिडिओ संपादित करणाऱ्याने वेगासाठी मोजलेले पैसे क्षमतेसाठी मोजले असते तर कामी आले असते. उलट असंकुचित, कच्चे फुटेज हाताळणाऱ्याचा हिशेब पार बदलतो. एसएसडी तीच आहे. बदलले ते प्रधान.

याहून बोलके उदाहरण इंटेलच्या ‘एफ’ अक्षराचे. नावाच्या शेवटी हे अक्षर असलेल्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स वापरता येत नाही, म्हणून तो सहसा थोडा स्वस्त मिळतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड लावूनच खेळणार असेल त्याने हे पैसे वाचवणे अगदी शहाणपणाचे. पण अनेक मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ रंगमानाचा एचईव्हीसी व्हिडिओ देतात. तो उलगडण्याची सोय इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये काही पिढ्यांपासून आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. जुन्या कार्डाबरोबर ‘एफ’ प्रोसेसर घेणाऱ्या संपादकाची टाइमलाइन अशा फुटेजवर अडखळते, आणि बाकीचे सगळे आकडे भरभक्कम असल्याने कारण लवकर ध्यानातही येत नाही. एकाच्या दृष्टीने जे निरुपयोगी ओझे, तेच दुसऱ्याच्या कामाचा कणा. भागाच्या गुणपत्रिकेत हे कुठेही लिहिलेले नसते.

संगणकशास्त्रातही हाच विचार गणिताच्या रूपात आहे. जीन अॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला युक्तिवाद सांगतो की कामाचा जो हिस्सा वाटून देता येत नाही, तोच सगळ्या वेगाला मर्यादा घालतो. वाटता न येणारा हिस्सा पाच टक्के असेल तर आठ कोअर एका कोअरच्या सुमारे ५.९ पट वेग देतात आणि सोळा कोअर सुमारे ९.१ पट. तोच हिस्सा निम्मा असेल तर आठ कोअर १.७८ पटीवर अडतात आणि सोळा कोअर १.८८ पटीवर. म्हणजे कोअर दुप्पट केल्याचे मोल एका कामात भरघोस आणि दुसऱ्यात जवळपास शून्य. सोळा हा आकडा दोन्हीकडे सोळाच आहे. ‘अधिक’ आणि ‘चांगले’ यांच्यातले अंतर इथे मोजून दाखवता येते.

खरी अडचण पुढे आहे. ज्याला खेळायचेही आहे आणि संपादनही करायचे आहे, त्याची प्रधाने दोन. मीमांसकांनी हाही प्रसंग सोडवून ठेवला आहे. अकराव्या अध्यायात तंत्र आणि आवाप असा भेद येतो. एकदाच केलेली गोष्ट अनेकांच्या उपयोगी पडते ते तंत्र. प्रत्येकासाठी वेगळी करावी लागते तो आवाप. भाष्यकार शबरस्वामींचा दाखला असा: अनेक ब्राह्मणांच्या मध्ये ठेवलेला दिवा सगळ्यांना उजेड देतो, पण उटी प्रत्येकाच्या अंगाला वेगळीच लावावी लागते. बाराव्या अध्यायात तिसरा प्रकार येतो, प्रसंग: वाड्यासाठी लावलेल्या दिव्याचा उजेड राजरस्त्यावरही पडतो. दोन कामांचा संगणक जुळवणाऱ्याने हे तीन कप्पे करावेत. भरवशाचा एसएमपीएस, हवा खेळती ठेवणारे कॅबिनेट, ३२ जीबी रॅम ही तंत्रे आहेत. एकदा घेतली की दोन्ही कामांना पुरतात, म्हणून इथे काटकसर करू नये. खेळासाठी घेतलेले ग्राफिक्स कार्ड दाविंची रिझॉल्व्हमध्ये रंगसंस्कारालाही हातभार लावते, हा प्रसंग. वाढीव कॅशे आणि वाढीव कोअर मात्र आवापाच्या बाजूचे आहेत. २०२५ साली आलेल्या रायझन ९ ९९५०एक्स३डी मध्ये दोन्ही एकत्र आहेत हे खरे, पण त्याच्या पोटातही दोन तुकडे आहेत आणि वाढीव कॅशे त्यातल्या एकावरच बसवलेली आहे. गेमचे काम त्याच तुकड्याकडे वळवावे लागते. दोन प्रधानांचे द्वैत तिथे मिटत नाही, जास्त किंमत घेऊन आत जाते. ज्याला ते परवडत नाही त्याला दोहोंपैकी कोणते काम आधी, हे ठरवावेच लागते.

यावर पहिला आक्षेप असा की पुढे काय लागेल हे आज कोणाला ठाऊक आहे? म्हणून परवडेल तितके जास्त घेऊन ठेवावे. या म्हणण्यातला अर्धा भाग खरा आहे. भविष्य कळत नाही, म्हणूनच कुठल्या दिशेने जास्त घ्यावे हेही कळत नाही. अज्ञातासाठी साठा करण्यापेक्षा वाट मोकळी ठेवणे जास्त सयुक्तिक. एएमडीने २०२२ मध्ये एएम५ सॉकेट आणले आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्याला आधार देऊ असे जाहीर केले. अशा मदरबोर्डवर आज मध्यम प्रोसेसर बसवून गरज दिसल्यावर बदलता येतो. मोकळा एम.२ स्लॉट, पुढच्या कार्डाला पुरेल असा एसएमपीएस या गोष्टी अज्ञाताचा मान राखतात. ‘बदलता यावे’ हेही एक प्रयोजनच आहे, पण ते स्पष्ट बोलून घेतलेले हवे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. खेळाला कुठे प्रयोजन असते? ब्रह्मसूत्रांत बादरायणांपुढे प्रश्न येतो की ज्याला काही मिळवायचे उरले नाही त्याने सृष्टी कशाला निर्माण करावी. आणि लोकांत दिसते तशी ही केवळ लीला, असे उत्तर ते देतात. लीला निष्प्रयोजन असेल तर खेळाच्या यंत्राला प्रयोजनाची फूटपट्टी लावणे चूक नव्हे काय? मला वाटते, या आक्षेपाने मूळ मुद्दा पक्काच होतो. ‘हे कशासाठी’ ही साखळी कुठेतरी थांबली पाहिजे, आणि जिथे ती थांबते ते प्रधान. खेळ स्वतःसाठीच खेळला जातो, म्हणून तो अस्सल प्रधान आहे. त्याला उपयुक्ततेचा दाखला देण्याची गरज नाही. मात्र यंत्र खेळासाठी आहे, आणि खेळाला स्वतःचे रूप असते. स्पर्धात्मक नेमबाजीच्या खेळात २४० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेमला जेमतेम ४.२ मिलिसेकंद मिळतात. तिथे चपळाई हवी. विस्तीर्ण जगात रमतगमत फिरण्याच्या खेळात ४के पडद्यावर एका फ्रेमसाठी जवळपास ८३ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, १०८०पीच्या चौपट; तिथे सारा भार ग्राफिक्स कार्डावर येतो आणि दोन चांगल्या प्रोसेसरांतला फरक पुसट होतो. खेळणाऱ्याची नजर खेळावरून उठून कोपऱ्यातल्या फ्रेमरेटच्या आकड्यावर खिळली की अंग आणि प्रधान यांची अदलाबदल झाली असे समजावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत कठीण वाटतो. प्रयोजन लवचीक असते. ‘एडिटिंगसाठी लागते’ म्हणून काहीही विकत घेता येते. लोभाला प्रयोजनाची भाषा सहज बोलता येते. हे खरे आहे, आणि नुसत्या मीमांसेने ते सुटत नाही. इथे जैनांच्या गृहस्थधर्मातले परिग्रहपरिमाण व्रत उपयोगी पडते. साधूने सर्वस्व सोडावे. गृहस्थाने मात्र आपल्या मालमत्तेची मर्यादा स्वतः आणि आधी ठरवावी. ‘आधी’ याला महत्त्व आहे. वस्तू समोर आल्यावर ठरवलेली मर्यादा वस्तूच ठरवते. त्याच न्यायाने, दुकानाची पायरी चढण्याआधी प्रयोजन मोजता येईल अशा शब्दांत लिहून काढावे: कोणत्या कॅमेऱ्याचे फुटेज, कोणते सॉफ्टवेअर, किती मिनिटांची फिल्म, कोणते खेळ, कोणता पडदा, आणि किती रुपये. असे लिहिलेले प्रयोजन ताणता येत नाही. कोणाला यंत्र जुळवण्यातच आनंद वाटत असेल, सुबकपणे बांधलेल्या केबली आणि शांत पंखे यांत सौंदर्य दिसत असेल, तर त्याने तेही लिहावे. कारागिरीचा आनंद हे सच्चे प्रधान आहे. फक्त त्याने एडिटिंगचे नाव पुढे करू नये.

जैमिनीची साखळी शेवटी माणसापर्यंत येते आणि तिथे एक वळण घेते. कर्म फळासाठी, फळ माणसासाठी; आणि माणूसही कर्मासाठी, असे तो सांगतो. आपण सगळ्याचे मालक आहोत या समजुतीला हे वाक्य धक्का देते, पण काम जाणणाऱ्याला ते पटते. फिल्म कापणारा संपादक रात्ररात्र त्या फिल्मच्या अधीन असतो, आवडता शॉट तिच्यासाठी टाकून देतो. मन लावून खेळणारा खेळाच्या नियमांना शरण जातो. असे अंग होण्यात हीनपणा नाही, कारण ज्याच्या अधीन व्हायचे ते आपल्याहून मोठे आहे. यंत्राचे तसे नाही. प्रयोजन न ठरवता सर्वोत्तम भागांचा पाठलाग करणारा माणूस दर पिढीला नव्या आकड्यांची सेवा करतो, आणि ज्या कामासाठी हे सगळे मांडले ते काम सुरूच होत नाही. म्हणून ‘उत्तम भाग कोणता’ या प्रश्नाचे माझे उत्तर असे: आपल्याला लवकरात लवकर कामापाशी वा खेळापाशी नेऊन जो स्वतः नजरेआड होतो, तो. मग तो यादीत कितव्या क्रमांकावर आहे याला महत्त्व नाही.