आपोआप लागणारे कुलूप

सिंहगडाच्या पायथ्याशी, आषाढातल्या एका ढगाळ सकाळी, गड उतरून मी खाली आलो तेव्हा माझी मोटार जिथे उभी केली होती तिथेच, त्याच अंगाने उभी होती. फक्त तिच्या डाव्या बाजूच्या मागच्या दाराला काच नव्हती. आसनावर आणि खालच्या चिखलात खडीसाखरेसारखे टपोरे, बोथट कण पसरले होते. मोटारीच्या बाजूच्या काचा तापवून एकदम गार केलेल्या असतात. त्यामुळे त्यांच्या पृष्ठभागावर कायमचा दाब आणि पोटात कायमचा ताण भरून राहतो, आणि टोकदार आघाताने एखाद्या बिंदूपाशी हा समतोल ढळला की सबंध काच एका निमिषात कणकण होऊन ओघळते. हे ज्ञान मला मागाहून झाले. त्या क्षणी मात्र मी जे केले त्याचे मला अजून हसू येते: मी पुढे होऊन त्या दाराची मूठ ओढून पाहिली. दार उघडेना. काच गेली होती, आतली पिशवी गेली होती, परंतु कुलूप आपल्या जागी, आपल्या कामावर, अगदी इमानाने हजर होते.

ठाण्यात फिर्याद लिहून घेणाऱ्या हवालदारांनी विचारले, “गाडी लॉक केली होती ना?” मी म्हटले, “हो, मूठ ओढून पाहिली, बंद होती.” “ती नंतरची गोष्ट. जाताना ओढून पाहिली होती का?” “जाताना नाही. पण बटण दाबल्यावर दिवे लुकलुकले होते.” हवालदारांनी मान डोलावली आणि लिहिले, ‘वाहन कुलूपबंद केले असल्याचे फिर्यादी सांगतात’. वाहन कुलूपबंद होते असे त्यांनी लिहिले नाही. वस्तुस्थिती आणि तिच्याविषयीचे कथन यांतला जो भेद न्यायदर्शनाच्या पंडितांनी, नैयायिकांनी, शतकानुशतके घासूनपुसून लख्ख ठेवला, तो एका सरकारी वाक्याच्या शेपटात सहज येऊन बसला होता, आणि त्या दिवसापासून माझ्यामागे एक प्रश्न लागला: मी मोटार बंद केली आहे, असे जे मी रोज म्हणतो, ते कशाच्या आधारावर?

जुन्या मोटारीला किल्ली घालून फिरवावी लागे. आतला खटका बोटांना जाणवे, आणि ते ज्ञान प्रत्यक्ष असे. आता मी दहा पावलांवरून बटण दाबतो, किल्लीतून विद्युल्लहरीवर एक सांकेतिक आकडा निघतो, मोटार तो पारखून घेते आणि दिव्यांनी होकार देते. हा आकडा दर खेपेस बदलतो, म्हणजे कुणी मधल्यामधे ऐकून टिपून घेतला तरी तोच पुन्हा ऐकवून मोटार उघडता येऊ नये. खिशात चुकून बटण दाबले जाऊन दारे उघडली आणि अर्ध्या मिनिटात कुणी आत शिरले नाही, तर अनेक मोटारी आपणहून पुन्हा बंद होतात. चाकांनी थोडा वेग घेतला की दारे स्वतःच कुलपे लावून घेतात, आणि अपघातात हवेच्या पिशव्या फुगल्या की स्वतःच सोडतात. आपल्या विस्मरणाची एवढी तजवीज करणारा नोकर पूर्वी राजेरजवाड्यांनाही लाभला नसेल. पण या सगळ्या बंदोबस्तात माझे ज्ञान प्रत्यक्षावरून घसरून अनुमानावर आले आहे. धूर दिसला म्हणून अग्नी आहे, तसे दिवे लुकलुकले म्हणून दार बंद आहे. आणि तेवढेही आपण पाळत नाही. पाठ फिरवून चालता चालता मागे हात करून आपण बटण दाबतो. त्याच वेळी जवळपास उभ्या असलेल्या एखाद्या इसमाने त्याच लहरीवर नुसता गोंगाट सोडला असेल तर किल्लीचा शब्द मोटारीपर्यंत पोचतच नाही, दिवे लुकलुकतच नाहीत, आणि आपण धूरही न पाहता अग्नीची खातरजमा झाली असे समजून निघून जातो.

जिला खिशातून काढावेच लागत नाही अशा किल्लीची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. तिथे मोटारच अगदी तोकड्या पल्ल्याच्या लहरीवर किल्लीला हाक मारते. किल्लीने उत्तर दिले की मालक जवळ आला असे मानून दार उघडते. २०११ साली झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी आठ उत्पादकांच्या दहा मोटारी घेऊन दाखवून दिले की दोन साधनांच्या साहाय्याने ही हाक दूरवर वाहून नेता येते. एक जण मोटारीपाशी उभा राहतो, दुसरा घराच्या भिंतीपाशी. आत खुंटीवर टांगलेली किल्ली हाक ऐकते, प्रामाणिकपणे उत्तर देते, आणि अंगणातली मोटार तितक्याच प्रामाणिकपणे दार उघडते. दहाच्या दहा मोटारी फसल्या. यात खोटे कोण बोलले? किल्लीचा शब्द खरा, मोटारीचे ऐकणे खरे. निरोप्यांनी निरोपात एका अक्षराचाही फेरफार केलेला नाही. चुकली ती एक व्याप्ती, म्हणजे जिच्यावर अनुमान उभे राहते ती नित्य सोबत: जो बोलतो तो जवळच असतो, हे गृहीत. आप्तवाक्य, म्हणजे विश्वासू माणसाचा शब्द, पोचले खरे, परंतु तो आप्त तिथे नव्हता. धर्माच्या क्षेत्रात वावरलेल्या कुणालाही हा प्रकार अनोळखी वाटू नये. वचने जशीच्या तशी, शुद्ध उच्चारांनी, पिढ्यांमागून पिढ्या वाहून आणली जातात, आणि ती कानी पडताच आपण दार उघडतो. ज्याची ती वचने तो आसपास आहे की नाही, हे पाहण्याची आपली रीत नाही.

माझ्या पिशवीत होते तरी काय? एक छत्री, डबा आणि मावशीचे पासबुक. छत्रीचे व डब्याचे मला फारसे काही वाटले नाही; पासबुक मात्र जिव्हारी लागले, कारण ते माझे नव्हते. ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाच्या तिसऱ्या अंकात शर्विलक हा चोर चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो, गळ्यातल्या यज्ञोपवीताचा मोजमापाची दोरी म्हणून उपयोग करतो, आणि घडाभर शास्त्र पाजळत पूर्णकुंभाच्या आकाराची खिंड कोरतो. सकाळी जाग आल्यावर दरिद्री चारुदत्ताला त्या कारागिरीचे कौतुक वाटते, आणि आपल्या घरून चोर रिकाम्या हाताने गेला नाही याचे समाधानही. परंतु गेलेले अलंकार वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेली ठेव होती, हे ध्यानी येताच तो मूर्च्छित पडतो. मालमत्ता गेली तर माणूस गरीब होतो, ठेव गेली तर तो बेइमान ठरतो. आणि हा दरिद्री चारुदत्त लोकांना चोरीची कथा सांगू लागला तर ती खरी कोण मानील? मावशीने मला एका शब्दाने बोल लावला नाही. “गाडीचं कुलूप आपोआप लागतं म्हणाला होतास ना?” एवढेच ती म्हणाली, आणि मला जाणवले की तिने विश्वास माझ्यावर टाकला होता व मी तो परस्पर एका यंत्राच्या हवाली केला होता.

कुलपांचा विचार करणाऱ्या मराठी माणसाचे मन शनिशिंगणापूरकडे वळल्यावाचून राहत नाही. ज्या नेवासे परिसरात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच नेवासे तालुक्यातले हे गाव; शनिदेवाची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर, छपरावाचून उभी, आणि गावच्या घरांना परंपरेने चौकटी आहेत पण दारे नाहीत; रात्री कुत्रे शिरू नये म्हणून कुणी फळी आडवी लावली तर तेवढीच. श्रद्धा अशी की इथे चोरी करणाऱ्याला देव तात्काळ शासन करतो. कुणी म्हणतात त्याची दृष्टी जाते, कुणी म्हणतात साडेसाती मागे लागते. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने इथे कुलपावाचूनची म्हणून शाखा उघडली तेव्हा तिचे देशभर कौतुक झाले. दाराला काच होती, आणि गावाच्या भावनेचा मान राखून, सहसा दृष्टीस पडणार नाही असे दूरनियंत्रित विद्युतचुंबकीय कुलूपही होते. त्याआधीच, २०१० साली, एका यात्रेकरूने आपल्या वाहनातून रोकड व चीजवस्तू गेल्याची तक्रार नोंदवली होती. आणि २०१५ च्या सप्टेंबरात गावाला पोलीस ठाणे मिळाले.

या हकिकती सांगून श्रद्धेची टवाळी करणारे पुष्कळ आहेत, आणि चोरी गावाबाहेरच्यांनी केली असणार असे म्हणून श्रद्धेची सोडवणूक करणारेही तितकेच आहेत. मला या दोहोंपेक्षा निराळेच काही दिसते. शनिदेवाचे शासन, लोक ते ज्या स्वरूपात मानतात त्या स्वरूपात, हेही एक आपोआप लागणारे कुलूपच आहे. त्याला किल्ली नाही, पहारेकरी नाही; चोराचा हात पुढे होताच ते स्वतः मिटते. आणि सर्व दूरनियंत्रित कुलपांप्रमाणे त्याचीही एक अट आहे: पलीकडे ती लहर झेलणारे काही असावे लागते. ज्याच्या अंतःकरणात ते भय वसते त्याच्यापर्यंत हा हुकूम पोचतो. ज्याच्यात ते नाही, किंवा ज्याच्या मनात गरजेचा वा लोभाचा गोंगाट त्याहून मोठा आहे, त्याच्यापुरते दार उघडेच असते. शिवाय गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना ज्या गुणापासून सुरू होते तो गुण अभय आहे, हे विसरता येत नाही. दृष्टी जाईल या भयाने ज्याने हात आवरला त्याने चोरी केली नाही, एवढे खरे. त्याने अस्तेय पाळले असे म्हणता येईल काय? मोटारीचे दार मिटते म्हणून मोटारीला आपण सद्गुणी म्हणत नाही.

जैन आणि बौद्ध परंपरांनी चोरीला जो जुना शब्द दिला आहे तो इथे मार्गदर्शक वाटतो: अदत्तादान, न दिलेले घेणे. या व्याख्येत कुलपाचा कुठे उल्लेख नाही. दार बंद होते की सताड उघडे, कुणी पाहत होते की नव्हते, या चौकशीला तिथे जागाच नाही. वस्तू तुला दिली होती काय, एवढा एकच सवाल. आपले नवे कायदेपुस्तकही एका गमतीच्या योगायोगाने याच दिशेला बोट दाखवते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३०५ हे कलम असे आहे की वाहनातून वस्तू चोरणे आणि देवस्थानातून मूर्ती चोरणे ही दोन्ही त्याच्या पोटात शेजारी शेजारी येतात, आणि दोहोंनाही सात वर्षांपर्यंत कैद. माझ्या मावशीचे पासबुक आणि गाभाऱ्यातला देव यांना सरकारने एका पंक्तीला बसवले, हे मला अयोग्य वाटत नाही. दोन्ही ठेवीच आहेत.

हे सर्व मला पुस्तकी वाटले असते; पण काच बदलून घेतल्यावर महिन्याभराने एक घटना घडली. एका नाट्यगृहाच्या आवारात, प्रयोग सुटण्याच्या थोडे आधी, मी अंधारात आपल्या पांढऱ्या मोटारीपाशी गेलो, बटण दाबले, मूठ ओढली, दार उघडले. आत बसायला वाकलो तो अत्तराचा अनोळखी वास आला. मोटार माझी नव्हती. माझी दोन रांगा पलीकडे होती, आणि तिचे दिवे माझ्या बटणाला उत्तर देऊन केव्हाच विझले असतील. शेजारच्या आसनावर एक जाडजूड पर्स होती, तिची साखळी अर्धी उघडी, आणि आतून नोटांची कड दिसत होती. मी सरळ झालो. मला मोह झाला असे म्हणणे नाटकी होईल. परंतु माझी नजर आधी पर्सवर, मग आवारावर, आणि मग पुन्हा पर्सवर गेली, हे मी नाकारू शकत नाही. मधली ती आवाराकडे गेलेली नजर कशासाठी होती? कुणी पाहत असेल तर चोर समजेल म्हणून, असे मी स्वतःला सांगितले. आणि ते उत्तर पुरते खरे नव्हते, हेही मला त्याच क्षणी कळले. इतकी वर्षे मी चोरी केली नव्हती, कारण इतकी वर्षे सगळी दारे बंद होती. माझे अस्तेय आपोआप लागत आले होते. त्या रात्री पहिल्यांदा ते हाताने लावावे लागले, आणि त्याचा खटका मला जाणवला.

दार नुसते लोटून मी पहारेकऱ्याला बोलावून आणले. त्याने विजेरीचा झोत आधी पर्सवर व मग माझ्या तोंडावर टाकला आणि विचारले, “पण साहेब, दार तुम्ही उघडलंतच कशाला?” मी म्हटले, “चुकून.” हा शब्द पकडला गेलेला प्रत्येक जण उच्चारत असणार, हे त्याच्या मुद्रेवरून स्पष्ट होते. त्याने माझे नाव व नंबर वहीत लिहून घेतला आणि मालक येईपर्यंत थांबायला सांगितले, मी थांबलो. प्रयोग सुटला, एक वृद्ध बाई आल्या, त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि काही न बोलता पर्समधल्या नोटा मोजायला सुरुवात केली. मोजणी पुरी होईपर्यंत आम्ही दोघे त्या झोताखाली उभे होतो. रक्कम बरोबर भरली असावी, कारण त्यांनी मला मान लववली, आत बसल्या, दार ओढून घेतले. आणि चारी दारांची कुलपे एकदम खट्‌कन लागली. मोटार अजून जागची हलली नव्हती. ते कुलूप आपोआप लागले नव्हते. काचेतून त्यांचे बोट मला कळीवर दिसत होते, आणि त्या माझ्याकडेच पाहत होत्या. माझी त्याला काही हरकत नव्हती.